लाल बांगड्या पाण्याखाली काळ्या का दिसल्या? (ऊन समुद्रात, तळ्यात, विहिरीत कुठपर्यंत पोचतं)

ठाण्याची_मैना | १९ मे, रात्री १०:१२

मागच्या आठवड्यात तारकर्लीला जाऊन आलो, शाळा सुरू व्हायच्या आत पोराला समुद्र दाखवायचा म्हणून, आणि तिथे सगळे करतात तसं स्कूबा पण करून घेतलं. म्हणजे आपण काही करत नाही, ते हाताला धरून नेतात, आपण फक्त तोंडाने श्वास घ्यायचा आणि घाबरायचं नाही. खोली म्हणाल तर तो मुलगा म्हणाला २५-३० फूट.

तर माझ्या हातात लग्नातल्या लालभडक लाखेच्या बांगड्या होत्या. काढा म्हणाले होते पण निघाल्याच नाहीत. वर आल्यावर फोटो बघितले तर बांगड्या चक्क काळपट! पिवळे मासे पिवळेच दिसतायत, माझा चेहरा हिरवट, आणि बांगड्या काळ्या. आधी वाटलं कॅमेऱ्याचा दोष असेल पण एका फोटोत इन्स्ट्रक्टरने टॉर्च मारलाय त्यात त्याच बांगड्या परत लाल.

लेक पाचवीत जाणार. त्याच्याकडे एक पुस्तक आहे त्यात समुद्राची बिल्डिंग काढलीय, २०० मीटरपर्यंत उजेडाचा मजला, मग १००० पर्यंत संधिप्रकाशाचा, मग ४००० पर्यंत काळोखाचा, मग अजून खाली. त्याचा प्रश्न असा की २०० मीटरला बटण बंद होतं का? आणि माझा प्रश्न असा की २०० मीटर उजेड असतो म्हणे तर मग मला ३० फुटावर माझ्या पायाची बोटं धड का दिसत नव्हती?

जाणकारांनी सांगा प्लीज, पोरगं रोज विचारतंय.

निम्मे_शिंपी | १९ मे, रात्री १०:४०

वाचतोय. चांगला विषय.

टीडीएस_कापला | १९ मे, रात्री ११:०५

बटण वगैरे काही नाही, पगारातून कापतात तो टीडीएस समजा. प्रत्येक मीटर पाणी आलेल्या उजेडातला ठरावीक टक्का कापून घेतं आणि उरलेला खाली पाठवतं, खालचा मीटर त्या उरलेल्यातून परत तेवढाच टक्का कापतो. म्हणून उजेड कधीच एकदम शून्य होत नाही, नुसता झिजत जातो.

आता दर मीटरला १० टक्के कापले तर ४४ मीटरला वरच्या उजेडाचा १ टक्का उरतो. गढूळ पाणी असेल, दर मीटरला निम्मा कापला, तर ७ मीटरच्या आतच १ टक्का. आणि खोल समुद्राचं एकदम स्वच्छ पाणी असेल, दर मीटरला सव्वादोन टक्के, तर २०० मीटर जावं लागतं. पुस्तकातले २०० मीटर ते हे. सगळ्यात स्वच्छ पाण्याचा आकडा आहे तो, तुमच्या तारकर्लीचा नाही.

१ टक्काच का, तर साधारण तिथे वनस्पतीची कमाई आणि खर्च सारखा होतो. दिवसा उन्हावर जेवढं अन्न बनवलं तेवढं चोवीस तासात जगण्यातच खर्च. त्याच्या खाली कर्ज काढून जगणं आलं.

ठाण्याची_मैना | १९ मे, रात्री ११:२०

हे मस्त समजावलंत. पण मग बांगड्या?

खारेपाणी | २० मे, सकाळी ७:३१

मी गोव्यात मरीन सायन्स केलंय, आता नोकरी भलत्याच गोष्टीत आहे पण हा धागा बघून राहवलं नाही.

वरच्या टीडीएसमध्ये एक भर. सगळ्या रंगांना एकच रेट नाही. पाणी लाल रंगाला सगळ्यात जास्त कापतं, ८-९ मीटरला लाल जवळपास संपतो, मग नारिंगी, मग पिवळा. निळा सगळ्यात लांब जातो. तुमच्या बांगडीवर पडायला लाल उजेडच शिल्लक नव्हता तर ती परत काय पाठवणार? म्हणून काळी. टॉर्चमध्ये सगळे रंग होते आणि तो हातभर अंतरावरून मारला म्हणून परत लाल. ३०-४० मीटरवर बोट कापलं तर रक्त हिरवट काळं दिसतं, नवीन डायव्हर घाबरतात.

चेहरा हिरवट का, तर किनाऱ्याच्या पाण्यात गाळ, प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), सडलेल्या पाल्यापाचोळ्याचा पिवळट अर्क असतो आणि ही मंडळी निळा पण खाऊन टाकतात. मधला हिरवा तेवढा उरतो. म्हणून मालवणचं पाणी हिरवं आणि लक्षद्वीपचं निळं.

आणि पायाची बोटं दिसली नाहीत तीही या गाळामुळेच, उजेड तिथे लवकर संपतो. मालवणची प्रवाळं काही मीटरांवरच आहेत कारण प्रवाळाच्या अंगात राहणाऱ्या शैवालाला ऊन लागतं आणि ते तिथे तेवढंच मिळतं. आता विजयदुर्गहून समुद्रात शंभरेक किलोमीटर आत जा, आंग्रिया बँक म्हणून एक बुडालेलं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्याचा सगळ्यात उथळ भागच २० मीटर पाण्याखाली आहे आणि तरी तिथे प्रवाळ आहे. नद्यांचा गाळ तिथवर पोचत नाही. तारकर्लीला २० मीटरवर प्रवाळाची बाग होणं अवघड. म्हणजे किनारा एकच पण उन्हाची हद्द वेगळी.

बोंबील_तव्यावर | २० मे, सकाळी ९:१५

खोल समुद्रातले बरेच कोळंबी-मासे लालभडक असतात ते याच्यामुळेच ना? वर आणल्यावर लाल, खाली अदृश्य.

खारेपाणी | २० मे, सकाळी ९:४०

हो, बरोब्बर. लाल रंग म्हणजे तिथला काळा बुरखा. पण त्यातही एक चोर आहे, मॅलाकोस्टियस नावाचा मासा, तो डोळ्याखालून स्वतःचा लाल दिवा सोडतो. बाकी बहुतेकांना लाल दिसतच नाही, त्यामुळे हा टॉर्च मारून शिकार शोधतो आणि शिकारीला पत्ता नाही. त्याला लाल दिसतो कसा, तर त्याच्या डोळ्यात क्लोरोफिलपासून बनलेलं एक द्रव्य असतं. म्हणजे झाडाचं हिरवं द्रव्य, जिथे झाड उगवणं शक्य नाही अशा काळोखात, माशाच्या डोळ्यात. मला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोन दिवस दुसरं काही सुचलं नव्हतं.

विहीरबहाद्दर | २० मे, दुपारी १:०२

समुद्र नाय बघितला जास्त, पण हे थर मी विहिरीत अंगानं बघितलेत. आमच्या मळ्यातल्या (सांगली जिल्हा) विहिरीत पोहायला शिकलो, पाठीला भोपळा बांधून. मे महिन्यात दुपारी मुटका मारला की वरचं हातभर पाणी कोमट लागायचं, कमरेच्या खाली गार आणि बुडी मारून खाली गेलं की एकदम कुणीतरी बर्फात पाय ओढल्यासारखं. हळूहळू गार होत नाही बरं का, एक रेघ असल्यासारखं आहे, रेघेच्या वर हात ठेवला तर कोमट खाली ठेवला तर गार. आणि तळाचा दगड आणायची पैज असायची, दगडाबरोबर मूठभर काळा गाळ यायचा त्याला कुजक्या अंड्याचा वास. थंडीत मात्र ती रेघ गायब, वरपासून खालपर्यंत सारखंच पाणी.

हे काय असतं? ऊन पोचत नाही म्हणून गार का?

खारेपाणी | २० मे, दुपारी २:२०

विहीरबहाद्दर, तुमची रेघ म्हणजे पुस्तकातला थर्मोक्लाइन. उन्हाची ऊब वरच्या मीटरभरातच मुरते. गरम पाणी हलकं, ते वरच तरंगतं, गार जड पाणी खाली बसतं आणि दोघं मिसळत नाहीत. विहिरीत वारा लागत नाही म्हणून रेघ इतकी चोख. थंडीत वरचं पाणी रात्री गार होतं, जड होतं, खाली बुडतं आणि सगळं ढवळून निघतं. बऱ्याच तळ्या-धरणांत हेच चालतं, उन्हाळ्यात दोन थर आणि थंडीत एक.

गाळाचा वास हा पुढचा भाग. वरच्या थरात उजेड आहे, शेवाळ ऑक्सिजन बनवतं, हवेतूनही थोडा मिळतो. खालच्या थराला उजेड नाही आणि वरून हवा नाही कारण मध्ये रेघ. वरून मेलेलं सगळं मात्र खाली पडत राहतं आणि ते कुजताना तिथला ऑक्सिजन संपतो, मग बिनऑक्सिजनचे जिवाणू कामाला लागतात आणि अंड्याचा वास. ऊन कुठे संपतं एवढ्यावर भागत नाही, पाणी वर्षातून कधी ढवळतं हेही बघावं लागतं.

शेततळं_सव्वा_एकर | २० मे, रात्री ८:५५

आत्ता बोलतो. माझं शेततळं आहे प्लास्टिक अंथरलेलं, त्यात मासे सोडतो. वरचं सगळं आमचं रोजचं आहे फक्त नावं माहीत नव्हती.

आम्ही कटला, रोहू, मृगळ एकत्र सोडतो. का, तर कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाला. तोंडं बघा कधी बाजारात, कटल्याचं तोंड वर वळलेलं, मृगळचं खाली. कोण कुठे जेवतो ते तोंडावर लिहिलंय. एकाच पाण्यात तीन मजल्यांचं भाडं.

आणि पाणी किती हिरवं ठेवायचं ते बघायला हात कोपरापर्यंत बुडवायचा, तळवा दिसायचा बंद झाला पाहिजे साधारण कोपरापाशी. मनगटालाच दिसेनासा झाला तर शेवाळ फार झालं, खत बंद. खांद्यापर्यंत दिसत राहिला तर माशाला जेवण नाही. ज्यांना नीट करायचंय ते काळी-पांढरी तबकडी सोडतात, ३०-४० सेंटीमीटरला दिसायची बंद झाली की चांगलं.

आता खरी भीती सांगतो. श्रावणात आभाळ तीन-चार दिवस गच्च राहिलं की झोप नसते. ऊन नाही म्हणून शेवाळ दिवसा ऑक्सिजन बनवत नाही पण रात्री श्वास घेतच राहतं. पहाटे चार-साडेचारला बॅटरी घेऊन गेलं की सगळे मासे वर तोंड काढून पचपच करत असतात. तो आवाज ज्याने ऐकलाय त्यालाच कळेल. एका वर्षी एरेटर (पाण्यात हवा घालायचं यंत्र) होता पण लाईट नव्हती. सकाळी पांढरी पोटं मोजली नाहीत, नुसती ओढून काढली.

निम्मे_शिंपी | २० मे, रात्री ९:१०

बापरे.

ठाण्याची_मैना | २० मे, रात्री ९:३०

वाईट वाटलं वाचून. कोपराचं माप मात्र भारीच.

टीडीएस_कापला | २० मे, रात्री १०:००

ती तबकडी म्हणजे सेकी डिस्क. आंजेलो सेकी म्हणून इटलीतले पाद्री-खगोलशास्त्रज्ञ होते, त्यांनी १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून पांढऱ्या तबकड्या भूमध्य समुद्रात सोडून बघितल्या. दोरी, वजन, तबकडी आणि डोळे, बास. तळ्यांसाठी हल्ली २० सेंटीमीटरची, चार पाकळ्या काळ्या-पांढऱ्या अशी वापरतात. तबकडी जिथे दिसेनाशी होते त्याच्या साधारण दुप्पट-तिप्पट खोलीवर तो १ टक्का असतो. मैनाताई, पोराला हे करायला द्या, डब्याच्या झाकणाची होते.

पाताळयंत्री | २१ मे, दुपारी १२:१८

काडी टाकतो, हलके घ्या. आपल्याकडे खाली सात मजले आधीपासून आहेत, अतल, वितल, सुतल, तलातल, महातल, रसातल, पाताल. शास्त्रज्ञांना पाचच सापडले, दोन अजून बाकी.

बाय द वे, ४००० मीटरच्या खालच्या पट्ट्याला इंग्रजीत अबिस म्हणतात त्याचा मूळ ग्रीक अर्थ ‘तळ नसलेलं’. अ-तल! शब्दशः तेच. आणि ६००० च्या खालच्या दऱ्यांच्या पट्ट्याला हेडल म्हणतात, तो ग्रीकांचा मेल्यानंतरचा पाताळलोक. म्हणजे त्यांनीही शेवटी पुराणातूनच नावं काढली.

बोंबील_तव्यावर | २१ मे, दुपारी १२:४०

रसातळाला गेलेला मासा कुठल्या मजल्यावर म्हणायचा? हाहा

खारेपाणी | २१ मे, दुपारी १:३३

बोंबीलवाले, तुमच्या आयडीला शोभेल अशी माहिती देतो. आपला बोंबील खाडीच्या तोंडाशी, गढूळ उथळ पाण्यातला मासा. पण ज्या गणातला तो आहे त्याच गणात ट्रायपॉड फिश येतो, तो हजारो मीटर खाली तळाच्या चिखलात तीन लांब काड्यांवर, अक्षरशः तिवईसारखा उभा राहून तोंडाशी काय येतंय त्याची वाट बघतो. चुलत घराणं एकच, एक भाऊ डोल जाळ्यात येतो आणि दुसऱ्याने उभ्या जन्मात ऊन बघितलेलं नाही.

बोंबील_तव्यावर | २१ मे, दुपारी १:३६

आज रात्री खाताना जरा आदराने खाईन.

तांडेलाचो_नातू | २२ मे, रात्री ११:४८

मालवणचो आहे. मैनाताई आमच्याकडे येऊन गेल्या म्हणून लिहितो.

आमच्यात खोली मीटरात नाही वावात मोजायची पद्धत, दोन्ही हात पसरले की एक वाव, सहा फूट धरा. आजो तांडेल (बोटीचो कप्तान) होता. तो सांगायचो, “चांदना पडला काय मासो खाली जाता.” काळोखाच्या रात्री जाळ्यात जास्त आणि पौर्णिमेच्या आसपास कमी. लहानपणी वाटायचं म्हातारा उधाण-भांगाचंच (मोठ्या-लहान भरतीचं) काहीतरी सांगतोय.

मग मी चार वर्षं मोठ्या बोटीवर होतो, शंभर वावाच्या बाहेर जायचो. केबिनमध्ये फिशफाइंडर असतो, स्क्रीनवर खाली तळाची जाड रेघ आणि मध्ये मासे असतील तर डाग. तिथे दिवसा तळाच्या बरीच वर अजून एक पट्टी दिसायची, सलग, धुक्यासारखी, इकडून तिकडे मैलभर. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा वाटलं तळ वर आला, ओरडणारच होतो. तांडेल हसला आणि म्हणाला चहा कर आणि बघत बस. सूर्य खाली गेला तशी ती पट्टी उठायला लागली. खरंच उठायला लागली, डोळ्यादेखत, आणि अंधार पडेपर्यंत स्क्रीनच्या वरच्या भागात येऊन पसरली. पहाटे परत खाली.

डेकचे मोठे दिवे लावले की जहाजाखालची तेवढी पट्टी थोडी दबायची. आजाचं चांदणं तेव्हा समजलं.

ठाण्याची_मैना | २३ मे, सकाळी ८:०५

अंगावर काटा. कसली पट्टी ती?

खारेपाणी | २३ मे, सकाळी १०:५०

या प्रतिसादाची वाटच बघत होतो.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन नेव्ही सबमरीन शोधायला सोनार (आवाज सोडून त्याचा प्रतिध्वनी टिपणारं यंत्र) वापरत होती, १९४२ च्या सुमारास कॅलिफोर्नियाजवळ त्यांना असाच खोटा तळ दिसला, काहीशे मीटरवर. नकाशात नाही तिथे तळ. मग मार्टिन जॉन्सन म्हणून एक जीवशास्त्रज्ञ म्हणाला की ही माती नाही, प्राणी असावेत आणि रात्री वर येत असावेत. १९४५ मध्ये बघितलं तर तसंच. छोटे मासे, कोळंबीसारखे जीव, जेलीफिश, माकूळ (स्क्विड). माशांच्या पोटातल्या हवेच्या पिशवीवरून आवाज परत येतो म्हणून तळासारखा दिसतो.

पृथ्वीवर प्राण्यांचं वजनाने सगळ्यात मोठं स्थलांतर म्हणजे हे, आणि ते रोज होतं, जगातल्या जवळजवळ सगळ्या समुद्रात. जेवण वर आहे कारण शेवाळ उजेडातच उगवतं. पण उजेडात मोठे मासे तुम्हाला बघून खातात. म्हणून दिवसा संधिप्रकाशाच्या पट्ट्यात दडायचं, रात्री वर येऊन जेवायचं आणि पहाटेच्या आत घरी. खग्रास सूर्यग्रहणात भरदिवसा वर सरकायला लागल्याच्या नोंदी आहेत, बिचारे फसतात.

म्हणून ती बिल्डिंगची आकृती मला कधी पटली नाही. बिल्डिंगमध्ये माणसं आपापल्या मजल्यावर राहतात, इथे मधला अख्खा मजला रोज संध्याकाळी गच्चीवर येतो.

आणि अरबी समुद्रात तर अजून गंमत आहे. आपल्याकडे साधारण १५०-२०० मीटरपासून हजारेक मीटरपर्यंत पाण्यात ऑक्सिजन जवळजवळ नाही, जगातल्या सगळ्यात जाड अशा पट्ट्यांपैकी एक. कारण विहीरबहाद्दरांच्या गाळाचंच, फक्त प्रचंड आकारात. मान्सूनचे वारे सोमालिया-ओमानच्या किनाऱ्याला खालचं खतावलेलं पाणी वर खेचतात, थंडीत उत्तरेकडच्या कोरड्या वाऱ्याने पृष्ठभाग गार होऊन परत ढवळतं, दोन्ही वेळा शेवाळ माजतं आणि ते मरून खाली कुजतं. त्यात पर्शियाचं आखात, लाल समुद्र, वर आशिया खंड, उत्तरेकडून ताजं पाणी यायला वाटच नाही. तर आपले कंदीलमासे (त्या पट्टीतलेच छोटे चमकणारे मासे) दिवसा त्या पट्ट्यात जाऊन बसतात. जिथे टुनासारख्या धावणाऱ्या माशाला दम लागेल तिथे हे गप्प पडून राहतात. उजेडातून पळायचं आणि घुसमटीत लपायचं.

टीडीएस_कापला | २३ मे, सकाळी ११:१५

शेवटचं वाक्य म्हणजे आमचं ऑफिस.

काजव्यांचा_गाव | २३ मे, दुपारी ४:२०

एक शंका. हे जीव उजेडाला घाबरतात म्हणता, मग एलईडी लावून मासेमारी करतात ती चालते कशी? त्यावरून तर एवढी भांडणं आहेत कोकणात.

तांडेलाचो_नातू | २३ मे, रात्री १०:३०

भांडणं नाहीत, पोटावर पाय आहे. जनरेटर लावून हजारो वॅटचे दिवे पाण्यावर मारायचे आणि जमलेलं सगळं पर्ससीनने (घेरून उचलायचं मोठं जाळं) उचलायचं. केंद्राची बंदी आहे २०१७ पासून, तरी रात्री किनाऱ्यावरून बघा, क्षितिजावर शहर वसल्यासारखं दिसतं. आमची रापणवाली माणसं हाताने ओढणार, त्यांना काय मिळणार.

चालते कशी ते सांगतो, सगळे मासे एकसारखे नाहीत. बांगडा, तारली, माकूळ दिव्याला येतात. बारीक जीव दिव्याभोवती गोळा होतात, त्यांना खायला हे. माकूळ तर बोटीच्या सावलीत थांबतो आणि उजेडात आलेलं टिपतो. पण पौर्णिमेला दिव्याचा काही उपयोग नाही, सगळीकडेच उजेड, तुमच्या दिव्याकडे कशाला येईल.

दारेसलाम_रिटर्न | २४ मे, सकाळी ६:५०

पौर्णिमेच्या मुद्द्याला +१००.

मी सात वर्षं टांझानियात होतो, कामानिमित्त किगोमाला जाणं व्हायचं, टांगानिका तलावाच्या काठावर. तिथे रात्री तलावावर दिव्यांची रांग लागते. दोन होड्या जोडायच्या, दिवे पाण्यावर धरायचे आणि चांदीसारखे बारीक मासे जाळ्यात. त्या माशाचं नाव दगा. खरंच दगा! मी पहिल्यांदा हॉटेलात विचारलं काय आहे जेवायला तर वेटर म्हणाला दगा, मी म्हटलं सांगून देतोयस हे बरं केलंस. आणि पौर्णिमेच्या आसपास सात-आठ दिवस मासेमारी बंद, जाळी वाळत. मालवणचा आजा आणि किगोमाचा कोळी एकच बोलतात.

पण त्या तलावाची दुसरी गोष्ट मला जास्त डोक्यात राहिली. खोली १४७० मीटर, जगात दुसरा. आणि त्यातला वरचा शंभर-दोनशे मीटरचाच थर जिवंत, खाली ऑक्सिजन नाही, मासा नाही. वर्षभर उष्ण, थंडी अशी पडतच नाही की वरचं पाणी पुरेसं जड होऊन तळापर्यंत बुडेल. विहिरीची ती रेघ तिथे कायमची. काठाच्या खडकांवर, जिथे ऊन पोचतं आणि शेवाळ चिकटतं, तिथे रंगीबेरंगी सिक्लिड माशांच्या शेकडो जाती, आणि खाली किलोमीटरभर नुसतं मेलेलं पाणी.

खारेपाणी | २४ मे, सकाळी ९:०५

आणि जगातला पहिला म्हणजे बैकाल, १६४२ मीटर. तिथे पार तळापर्यंत ऑक्सिजन आणि तळापर्यंत प्राणी, कारण सायबेरियाची थंडी आणि वारे पाणी खालपर्यंत पोचवतात. तिथला गोलोम्यांका मासा जवळजवळ आरपार दिसतो, अंगात चरबी इतकी की हवेच्या पिशवीची गरज नाही, अंडी न घालता पिल्लं देतो. दोन्ही तलाव गोड्या पाण्याचे, दोन्ही जमीन फाटून झालेले, आणि दोन्हीकडे बऱ्याच खाली काळोखच. फरक फक्त थंडीचा.

लोणारकर | २४ मे, दुपारी ३:४४

आमचं सरोवर राहिलं. खोली काही मीटरच, पण हिरव्या शेवाळाने पाणी इतकं दाट की उजेड हातभर जाईल की नाही शंका. साबणासारखं अल्कधर्मी पाणी, मासा नसायचा. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं होतं तेव्हा जगभर फोटो गेले, पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासलं तर खारटपणा आवडणारे गुलाबी सूक्ष्मजीव निघाले. पाऊस आला आणि रंग गेला. थर बघायला खोलीच लागते असं नाही एवढंच म्हणायचंय.

प्रश्नचिन्ह_पप्पू | २५ मे, सकाळी ११:००

शेवटी सगळं सूर्यावरच. ऊन नाही तर जीव नाही. सिंपल.

पाताळयंत्री | २५ मे, सकाळी ११:०४

पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

खारेपाणी | २५ मे, दुपारी १२:१०

सिंपल होतं, १९७७ पर्यंत. त्या वर्षी गॅलापागोसजवळ आल्विन पाणबुडी अडीच हजार मीटरवर गेली तर तळातून गरम पाण्याचे झरे आणि त्याभोवती मोठाले शिंपले आणि नळीत राहणारे किडे. तिथले जिवाणू झऱ्यातल्या त्या अंड्याच्या वासाच्या वायूवर अन्न बनवतात, ऊन लागत नाही. हिंदी महासागरातही आहेत असे झरे, त्यातल्या काहींवर एक गोगलगाय राहते जिच्या पायावर लोहयुक्त खवले असतात. लोह आणि गंधकाचं संयुग, लोहचुंबकाला चिकटेल असं.

पण पप्पूभाऊ अगदीच चूक नाहीत. त्या शिंपल्यांना श्वासाला जो ऑक्सिजन लागतो तो शेवटी वर उन्हातच बनलेला आहे, गार पाण्याबरोबर बुडून तिथे पोचलेला. आणि बाकीचा सगळा काळोखाचा प्रदेश वरून पडणाऱ्या उष्ट्यावर चालतो. मेलेलं प्लवक, विष्ठा, शेंबडासारख्या गाठी, बर्फ पडल्यासारखं दिवसरात्र खाली येत असतं, तळाला पोचायला आठवडे लागतात. मारियानाच्या दरीत जवळपास ११ हजार मीटरवर १९६० मध्ये दोन माणसं उतरली तेव्हाही खाली जीव दिसल्याचं त्यांनी सांगितलं. मासा मात्र आजवर ८३३६ मीटरच्या खाली कॅमेऱ्यात आलेला नाही, जपानजवळ २०२२ मध्ये टिपलेला.

उलट बाजूनेही हद्द लवचीक आहे. बहामाजवळ २६८ मीटरवर खडकाला चिकटलेलं लाल शेवाळ सापडलंय, १९८० च्या दशकात. पुस्तकातली २०० ची रेघ त्याने वाचली नव्हती.

प्रश्नचिन्ह_पप्पू | २५ मे, दुपारी १२:३०

ओके. शब्द मागे घेतो, अर्धे.

काजव्यांचा_गाव | २६ मे, रात्री ९:२१

आणि खाली जे स्वतः चमकतात त्यांचं? मागे २०२० च्या नोव्हेंबरात जुहूला, देवगडला लाटा निळ्या चमकत होत्या ते तेच का?

खारेपाणी | २६ मे, रात्री १०:१५

लाटांवरचं नॉक्टिल्युका, एकपेशीय जीव, लाट फुटली की चमकतो. तो वरच्या पाण्यातला. खोलातले लोक दिवा वेगळ्या कामाला वापरतात. कंदीलमाशाच्या पोटावर ठिपक्यांची रांग असते, ती वरून झिरपणाऱ्या उजेडाइतकीच मंद पेटवायची म्हणजे खालून बघणाऱ्याला सावली दिसत नाही. दिवा लावून लपणं. पूर्ण काळोखातला अँगलर मासा मात्र गळाला दिवा लावून बसतो, दिवा म्हणजे पाळलेले जिवाणू.

ठाण्याची_मैना | ३ जून, रात्री ९:४०

उशीर झाला, माहेरी गेलो होतो वाईजवळ. अपडेट द्यायचा होता.

लेकाने आजोबांकडून पत्र्याच्या डब्याचं झाकण घेतलं, पांढरा ऑइल पेंट, मध्ये भोक, खाली नटबोल्टांचं वजन, आणि सुतळीला दर फुटाला गाठ. दुपारी बाराला विहिरीत सोडलं. आम्ही सगळे काठावर पालथे पडून बघतोय, शेजारचे विचारायला आले कोण पडलं का म्हणून. सहाव्या गाठीला झाकण दिसेनासं झालं. मग परत वर ओढायचं, जिथे दिसायला लागलं तिथे परत गाठ मोजायची, असं तीनदा केलं. आजोबांचं पाचव्या गाठीला गेलं पण मोतीबिंदू आहे त्यांना.

मग त्याने स्वतःच डोकं चालवलं आणि माझी लाल बांगडी झाकणाच्या शेजारी बांधली. तीन गाठींवरच गेली! झाकण अजून हिरवट दिसतंय आणि बांगडी नाही. विहीरबहाद्दर, तुमची रेघ पण सापडली त्याला, पायऱ्यांवर बसून पाय हलवत होता आणि एकदम ओरडला, आई इथून खाली फ्रिज.

विहीरबहाद्दर | ३ जून, रात्री ९:५२

शाब्बास रे पठ्ठ्या!

शेततळं_सव्वा_एकर | ३ जून, रात्री १०:०५

सहा फूट म्हणजे पाणी फार स्वच्छ, मासे सोडायच्या कामाचं नाही, पोहायच्या कामाचं.

तांडेलाचो_नातू | ४ जून, सकाळी ७:१०

आता ३१ जुलैपर्यंत बंदी, बोटी वर ओढल्यात. ऑगस्टात भाऊ खोल पाण्यात जाईल तेव्हा संध्याकाळच्या पट्टीचा व्हिडिओ काढायला सांगतो, मुलाला दाखवा. अमावास्येला गेला तर बरं.

बोंबील_तव्यावर | ४ जून, सकाळी ७:३०

बांगडी परत मिळाली का?

ठाण्याची_मैना | ४ जून, सकाळी ८:४४

नाही. चौथ्या वेळेला गाठ सुटली. बाबा म्हणाले पुढच्या उन्हाळ्यात गाळ काढतील तेव्हा बघू.